गाळातल्या शिंपा

वलगाव
कार्तिक वद्य षष्ठी, शके १७८६

जमुने,

तुझ्या दादाचा दंडवत. दिवाळीतच पत्र टाकणार होतो, पण तुझा शहाणा भाऊ कपाशीच्या भरल्या गाडीवरून खाली आला अन् डावा पाय गुडघ्याखाली मोडून बसला. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधेल हायत. हसू नको. हसलीच अशीन, माहीत हाय मले.

घरात बसलो की बाबाची कुरकुर ऐका लागते, म्हणून सकाळीच पेढीच्या काठी बाभळीखाली खाट टाकून घेतो. काठ तुले आता ओळखू येणार नाही. आपण ढोरं चारत होतो ते गायरान बाबानं अन् बाकीच्यांनी नांगरून टाकलं. पार पाण्यापर्यंत कपाशी! भाव असा चढेल हाय की लोक अंगणातही सरकी टोचून राहिले. पाऊस आला की ती सारी माती नदीत. पेढीचं पाणी आश्विनापासून गढूळच हाय.

बाबानं या साली नवीन विद्या शिकली. नदीतला वाळलेला गाळ वस्त्रगाळ करायचा, रुई भरताना थराथरात भुरभुरायचा अन् वरून पाण्याचा हात मारायचा. वजन भरते. सारं गाव करून राहिलं. मी म्हटलं, बाबा, आपण पंथाचे, पाणी गाळून पिणारे लोक, अन् रुईत गाळ घालता? तर म्हणे, "रुई कोणी खाते काय?" आपल्या गाड्या जानराव अकोल्याले नेते. आगगाडीचे रूळ तिकडूनच येऊन राहिले म्हणतात, तर शेठ लोक तिथं डोळे मिटून घेतात. हे पत्रही त्याच्याच हाती देऊन राहिलो.

तुझा विषय काढला होता. तुझा नवरा गेला तवापासून बाबाचं एकच टुमणं. चांदूर बाजारच्या भगवंतरावाशी पाट लावत असन तर घर तिचं, नाही तर वेशीच्या आत पाऊल टाकू नाही. मी म्हटलं, तो माणूस तुमच्या वयाचा हाय. तर भाकर तशीच ठेवून उठला. पण तू धीर धर. म्हातारं आतून मऊ हाय. मी त्याले हळूहळू वळवतो.

तुझ्या मावससासूजवळ, आशाबाईजवळ, तू राहतं, अन् शेठच्या घरी बसून धान्य निवडतं, हे ऐकून जिवाले बरं वाटलं. सावलीतलं काम हाय. उन्हातान्हात नाही.

तुझा,
पुंजाराम


अकोला
मार्गशीर्ष शुद्ध दशमी

दादा,

दंडवत. तुझा पाय मोडला हे वाचून आधी हसली, मंग रडली, मंग तू गाडीवरून कसा खाली आला अशीन ते डोळ्यापुढं आलं अन् पुन्हा हसली. आशाबाई म्हणे, या पोट्टीले वेड लागलं.

मी बरी हाय. काम सावलीतलंच हाय, इतकं की दिवसा ऊन दिसत नाही. संग चार बाया हायत, तोंडाच्या लय फटकळ. त्यांच्यात मी मुकी ठरली, तर पाह्य त्या कशा असतीन.

एक सांगतो. काल निवडता निवडता एक शिंप हाती आली. करंगळीच्या नखाएवढी, दोन्ही पाखं मिटेल. अशी पेढी आठवली मले! आपण उन्हाळ्यात पायाच्या अंगठ्यानं गाळ चाचपून शिंपा काढत होतो, अन् सत्यवती आत्या रिद्धपूरहून आली की ओरडत होती, "जीव हाय त्यात, ठेवा पहिले होत्या तिथं." ज्या आत्यानं आपल्याले अक्षर शिकवलं तिचं एवढं तरी ऐकलं आपण. सगळ्या परत ठेवत होतो.

तवापासून एकच डोक्यात घोळून राहिलं. शिंप सारी जिंदगी गाळात तोंड उघडून बसते. नदी जे आणीन ते तिच्या तोंडात. माती, शेवाळ, कुजेल पाला, शेण. हात नाही, डोळे नाही. त्यातलं काय गिळायचं अन् काय नाही, हे तिले कोण सांगते? तू काठावर रिकामा बसेलच हाय, तर पाहून कळव. चांगलं बारीक पाहजो. थट्टेवारी नेऊ नको.

थंडीनं जरासा खोकला हाय. आणखी काही नाही. बाबा रात्री पायाले तेल लावते काय? मी नाही तर कोण लावून देते?

जमुना


वलगाव
मार्गशीर्ष वद्य त्रयोदशी

जमुने,

दंडवत. धान्यात शिंप? तुझा शेठ काय नदीतून गहू उपसते काय? अन् तुझ्या पत्राची घडी उघडली तर रुईचे तंतू उडाले. अकोल्यात आता हवेतही कापूस हाय म्हणतात, ते खरं दिसते.

पण तू काम चांगलं लावून दिलं. माझा दिवस कसा जाते ते आता कळत नाही. आईची जुनी परात घेतली, तळाशी रेती पसरली, नदीचं पाणी भरलं अन् एक मोठी शिंप त्यात ठेवली. पहिला दिवस बाईसाहेब मिटूनच. माझ्यावर रुसेल. दुसऱ्या दिवशी रेतीत अर्धी रुतली, वरचं टोक जराक उघडलं. तिथं दोन भोकं हायत. एकाच्या काठाले पापणीसारखी झालर, दुसरं साधं. पाण्यावर पिठाची चिमूट सोडली तर पीठ झालरीच्या भोकाकडे चाललं अन् आत गेलं. साध्या भोकातून नुसतं नितळ पाणी बाहेर. म्हणजे एक यायचं दार, एक जायचं.

मंग म्हटलं, हिची परीक्षा घेऊ. दगडावरचं हिरवं शेवाळ हातावर चोळून पाण्यात कालवलं, अन् त्यातच दिव्याची काजळी कालवली. दोन्ही आत ओढलं हिनं, भेद केला नाही. मी म्हटलं, हिले काही कळत नाही, आपल्या बाबासारखी हाय. पण थोड्या वेळानं तिनं एकदम पाखं आपटली, अन् ज्या दारानं आत घेतलं त्याच दारानं एक काळी दोरी बाहेर थुंकली. लाळेत गुंडाळेल काजळी! हिरवं मात्र त्यात जवळपास नव्हतंच. ते पोटात ठेवलं पोट्टीनं.

आत काय चालते ते पाहायचं होतं, पण जीव मारणं आपल्यात नाही. नशिबानं करकोच्यानं एक शिंप फोडून अर्धी टाकून दिली, ती ताजीच हाती आली. आत दोन्ही अंगाले पातळ पदर हायत, अन् तोंडापाशी छोटे ओठ. ओठांवर लुगड्याच्या निऱ्यांसारख्या चुण्या. पदरावर मी काजळीची चिमूट टाकली. जमुने, ती चिमूट आपोआप चालून राहिली! ओढणारं काही दिसत नाही, तरी काजळी रांगेनं पदराच्या कडेले गेली अन् कडेकडेनं ओठांकडे. रेतीचा जाड कण मधेच गळून पडला. बारीक ते चुण्यांच्या माथ्यावरून तोंडाकडे जाते, नको ते खाचेत पडून वापस फिरते. ओठच चाखतात, अन् ओठच ठरवतात. हात-डोळे नाहीत, पण निवडणं तुझ्यापेक्षा चांगलं हाय तिचं.

बाबाचं म्हणशीन तर अजून तसंच हाय. तेल जानरावाची बायको लावून देते. तुझं नाव काढलं की कान खाजवते, पण आता ताटावरून उठत नाही. एवढी प्रगती झाली.

पुंजाराम


अकोला
पौष शुद्ध अष्टमी

दादा,

दंडवत. तुझं पत्र मी कामावर वाचून दाखवलं. बाया अशा हसल्या की मुकादम काठी घेऊन आला. आता कोणी थुंकलं की म्हणतात, पाहा, शिंपेनं काजळी टाकली. आशाबाई तर म्हणे, तुझ्या भावाचा पाय नाही, डोकं मोडेल हाय. पण ती पत्र दोनदा ऐकून गेली.

मी मात्र रात्रंदिवस त्याचाच विचार करून राहिलो. मले आणखी सांग. ती गुंडाळून थुंकते ती लाळ कुठून येते? संपते काय? अन् गाळ लयच झाला तर? एक चिमूट काजळीचं ठीक हाय, पण पेढीसारखी सारी नदीच गढूळ झाली, दिवसामागून दिवस, तर ती काय करते? थकत नाही काय? जे तिले थुंकता येत नाही त्याचं आत काय होते? हे नक्की पाहून कळव, दादा. हसण्यावारी नको. मले पाहिजे हाय.

अन् दुसरं. मले घरी यायाचं हाय. पहिले असं म्हटलं नाही, आता म्हणतो. बाबाले सांग, भगवंतरावाशी पाट सोडून बाकी सांगतील ते करीन. शेतात जाईन, कपाशी वेचीन, ढोरं पाहीन. उंबऱ्याच्या बाहेर भाकर वाढली तरी बसून खाईन. माघात जानरावाच्या रिकाम्या गाडीत बसून येऊ काय? तू हो म्हण फक्त.

खोकला हाय अजून. सकाळी जास्त राहते. नाकाले पदर बांधतो.

जमुना


वलगाव
पौष वद्य द्वादशी

जमुने,

दंडवत. तुझी आज्ञा झाली, मंग काय, परातीत रोज गाळ! शेतातून वाहून आलेला काळाच घेतला. पहिल्या दिवशी थोडा टाकला. शिंप निवडत राहिली, थुंकत राहिली, परातीच्या तळाशी लाळेच्या दोऱ्यांचा ढीग. लाळ तिच्या पदरातूनच पाझरते. दुसऱ्या दिवशी जास्त. थुंकण्याचीच घाई, पोटात जाणारं हिरवं कमी कमी. सारा दिवस गाळ बाहेर काढण्यातच जाते, खायाले सवड नाही. तिसऱ्या दिवशी पाणी पार चिखल केलं, तर बाईसाहेबांनी दार लावून घेतलं. मिटली ती मिटली. मी काडीनं टोचलं तरी उघडली नाही. पाणी बदललं तवा कुठं दोन्ही पाखं जराशी फाकली.

पाह्य कसं शहाणपण हाय! जमत नाही म्हटल्यावर दार लावायचं अन् पाणी नितळायची वाट पाह्याची. मले लय कौतुक वाटलं. नदीत मात्र पाणी नितळत नाही, म्हणून तिथल्या मिटून मिटूनच उपाशी वाळून राहिल्या. काठावर रिकामी पाखं लय दिसतात या साली.

आता तुझ्या येण्याचं. जमुने, माघात येऊ नको. मी बाबाजवळ बोललो. या वेळी तो ओरडला नाही, नुसता बाहेर पाहत राहिला. म्हणजे आतून हललं काही तरी. आत्ता तू दारात उभी राहिली तर भगवंतरावाच्या माणसांसमोर त्याची मान खाली जाईन अन् सारं मुसळ केरात. फाल्गुनापर्यंत थांब. शेवटचा वेचा झाला, गाड्या गेल्या, की म्हातारं रिकामं होते. तवा मी तुले वाजतगाजत आणतो. इतके दिवस काढले, आणखी जरासे.

भाव डळमळून राहिला म्हणतात. विलायतेकडची काही लढाई संपत आली अशी हूल हाय. म्हणून बाबा घाईनं साऱ्या गाड्या भरून राहिला, अन् वजन भरायाले गाळ पहिल्यापेक्षा दुप्पट. माझ्या खाटेजवळच बसून चाळते. मी शिंकून शिंकून बेजार.

खोकल्याले अडुळशाचा काढा घे. मध घालून.

पुंजाराम


वलगाव
माघ शुद्ध पौर्णिमा

जमुने,

दंडवत. जानराव दोनदा आला-गेला, तुझं पत्र नाही. फाल्गुनापर्यंत थांब म्हटलं म्हणून रुसली काय? लहानपणी रुसून कणगीमागं बसत होती, तसं करू नको. जानरावाले विचारलं तर म्हणे, "बरी हाय," अन् बैलाले पाणी पाजायाले गेला. बैलानं पाणी आधीच पिएल होतं.

माझा पाय सुटला. काठी घेऊन चालतो. दोन ओळी लिही.

पुंजाराम


अकोला
माघ वद्य नवमी

दादा,

दंडवत. रुसली नाही. हात चालत नव्हता. आज जरा बरं हाय म्हणून लिहितो, थांबत थांबत.

आता खरं सांगतो. मी धान्य निवडत नाही. शेठच्या रुईच्या कोठ्यात हाय, आल्या दिवसापासून. बांबूच्या ताटीवर रुई पसरायची, काठीनं झोडायची, माती-कचरा खाली पाडायचा अन् किडकी कवडी रुई, पानं हातानं वेचायची. रुई उडू नाही म्हणून दारं-खिडक्या बंद ठेवतात. आत आपलाच हात आपल्याले दिसत नाही. तुले सांगितलं असतं तर तू मोडेल पाय घेऊन आला असता. जानरावाले माहीत हाय, त्याले मी शपथ घालेल होती. त्याच्यावर रागावू नको.

ती शिंप रुईत सापडली होती, दादा. आपल्या गठ्ठ्यात, न चाळेल गाळाच्या एका ढेकळात.

वलगावचे गठ्ठे कोठ्यात आले की दोरी सोडायच्या आधीच मले कळते. ओला केल्यावर पेढीच्या गाळाचा जो वास येते तो दुसऱ्या कशाले नाही. त्यात माती जास्त, म्हणून बाया ते घेत नव्हत्या. मी मागून घेत होतो. सारे मीच. झोडता झोडता डोळे मिटले की मी काठावर असतो, आई धुणं धुऊन राहिली, अन् तू पाण्यात उभा. तेवढ्यासाठी मागत होतो. दुसरं घरचं काय होतं माझ्याजवळ?

आता छातीत ते सारं बसेल हाय. खोकतो तर लाळेत गुंडाळून काळं पडते, अगदी तू लिहिलं तसं. पहिले वाटलं, असंच पडत राहिलं तर सारं निघून जाईन. म्हणून तुले विचारून राहिलो होतो की शिंप काय करते. पण माझे ओठ काही निवडत नाहीत. हवेबरोबर सारंच आत जाते. अन् शिंपेले दार लावता येते. मी श्वास कसा लावून घेऊ? दोन घास खायाचे तर तेवढाही दम पुरत नाही. झोपता येत नाही, भिंतीले टेकून बसतो.

मी बाबाले दोष देत नाही. रुई कोणी खात नाही, हे त्याचं खरंच होतं. त्याले यातलं काही सांगू नको, तुले आत्याची आण. एवढंच सांग की पोरगी आजारी हाय, गाडी धाडा. मले भीती वाटून राहिली, दादा. लवकर धाड.

जमुना


वलगाव
फाल्गुन शुद्ध द्वितीया

जमुने, माझे बाई,

गाडी निघाली. हे पत्र जानराव घोड्यावर पुढं घेऊन येऊन राहिला. पुढं पोचलं तर तुले कळावं की बाबा रस्त्यात हाय. स्वतः येऊन राहिला. तू फक्त बसून राह्य, भिंतीले टेकून, जशी हाय तशी. श्वास मोजू नको. पाणी कोमट पी.

तू सांगू नको म्हटलं होतं. मी सांगितलं. आत्याची आण मोडली, तिचं काय ते मी पाहून घेईन.

बाबा अंगणात गाळच चाळत बसेल होता. मी तुझं पत्र वाचलं. तो फडकं हातात धरून तसाच. म्हणे, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. मंग विचारलं, "कोणते गठ्ठे मागून घेते म्हणते ती?" मी म्हटलं, वलगावचे. आपले. तो उठला, चाळेल गाळाची टोपली उचलली, ती कुठं ठेवावी हे त्याले सुचेना. दारापर्यंत गेला, वापस आला. शेवटी मीच त्याच्या हातातून घेतली. त्यानं स्वतः बैल जुंपले. कडबा अंथरला, आईची गोधडी घातली, तांब्यात गाळेल पाणी घेतलं. भगवंतरावाचा माणूस ओट्यावर येऊन बसेल होता, त्याले म्हणे, "तुमच्या मालकाले सांगा, पोरगी द्याची नाही." बस, एवढंच. मी संग निघालो तर म्हणे, "तुझा पाय कच्चा हाय, तू चूल पेटवून ठेव."

मी मूर्ख हाय, जमुने. तू विचारत होती अन् मी परात घेऊन खेळून राहिलो. ये तू. तुझी कोनाड्याजवळची जागा मी सारवून घेतली. ये फक्त.

दादा


अकोला
फाल्गुन वद्य चतुर्थी

पुंजाराम,

मी, तुझा बाप, सांगून राहिलो अन् आशाबाईच्या शेजारचे केशवराव लिहून राहिले. त्यांनी वरती लय गोड काहीबाही लिहिलं होतं. मी खोडाले लावलं. म्हटलं, मी बोलतो तसंच लिहा.

जमुना गेली.

मी पोचलो तवा होती. मले वळखलं. पहिले तुझ्या पायाचं विचारलं. मी तिले म्हटलं, पाट नाई अन् काई नाई, भगवंतरावाले मी नाई म्हनून सांगतलं, घर तुझं हाय, चाल. हासली. मले वाटलं रागावन, शिव्या देईन. दिल्या असत्या तं बरं झालं असतं. उठाले गेली तं उठता आलं नाई. वैद्य म्हने हलवू नका. ती म्हने न्या. म्या तिचं ऐकलं. जलमभर ऐकलं नाई, म्हटलं आता ऐकाव.

गाडीत तिले आडवं होता येत नव्हतं. तं जानरावानं बैल हाकले अन् मी मागं बसून तिले छातीशी टेकून धरली. लहानपनी ताप आला का धरत होतो तशी. वजन काईच नव्हतं. मोर्णा नदीत गाडी उतरली, चाकाखाली पानी वाजलं. ती म्हने, "बाबा, पेढी आली काय?" मी म्हटलं, "आली." मंग बोलली नाई. पल्याड चढलो तवा मले समजलं.

तिथंच काठावर आपल्या पंथाच्या रीतीनं माती दिली. रिद्धपूरले आत्याले निरोप धाड. तिले सांग, पोरीचे हाल माझ्यानं झाले.

मी त्याच दिवशी निघनार होतो. तिचं एक लुगडं कोठ्यात राह्यलं होतं, ते घ्याले गेलो. आत शिरलो तं मलेच ठसका लागला. तिच्या जागेवर नवी बाई बसेल होती. पाठीशी अंगावरचं लेकरू बांधेल. तिच्यापुढं गठ्ठा होता. दोरीची गाठ पाह्यली, तं माझ्या हातची. तिनं काठी मारली अन् जो धूर उठला, तो त्या लेकराच्या तोंडावर गेला. लेकरू शिंकलं. ती बाई म्हने, "वलगावचा माल हाय, बावा. लय मातीचा राहते. पहिले एक पोट्टी होती, ती आपनहून घेत होती."

म्या तिच्या हातची काठी घेतली.

आपले गठ्ठे भिंतीपर्यंत लागेल हायत. या साली आपन किती भरले ते मले इथं येऊन दिसलं. बाजारात भाव पडला, शेठ बी येत नाई, पन माल साफ कराच लागते, कोनी ना कोनी झोडनारच. तं मी झोडतो. मुकादमाले म्हटलं, वलगावचे मले द्या, बायांले देऊ नका. तो हासला, म्हने म्हाताऱ्याले याड लागलं, मजुरी भेटनार नाई. म्या मागतलीच नाई. सकाळी बसतो, दिवा लागनीले उठतो. आशाबाई भाकर देते.

बैल जानरावासंग वापस धाडले. चारा घाल. गावात साऱ्याइले सांगजो का रुईत गाळ घालू नका. ऐकनार नाईत, म्या बी तुझं ऐकलं नव्हतं. तरी घरोघर जाऊन सांगजो.

तू इकडे येऊ नको. येशीन तं तू बी काठी धरशीन, अन् मी तुले धरू देनार नाई. मले खोकला लागला, हे केशवराव लिहा म्हनतात. त्याचं काई नाई. गठ्ठे संपले का मी येतो. अजून लय हायत.

नत्थुजी, हातचा अंगठा